सासूबाईंचं मीठ, पुतण्याचं बेंझोएट

ताई, नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. सहा वर्षं झाली, घरूनच कैरीचं, लिंबाचं, ओल्या हळदीचं लोणचं, कोकम सरबत आणि आवळा सरबत करून विकते. आधी सगळं मुंबईच्या चाकरमान्यांपुरतं होतं, आता कुरिअरने पुण्या-नाशिकला जातं. गेल्या पावसाळ्यात मात्र माझी पार शोभा झाली. कोकम सरबताच्या चाळीस बाटल्या फसफसल्या, दोन तर गिऱ्हाइकाच्या ओट्यावर फुटल्या. पुतण्या फूड टेक्नॉलॉजी शिकतो. तो म्हणतो, "काकी, सगळ्यात सोडियम बेंझोएट घाल, प्रश्न मिटला." त्याने केएमएस नावाची पावडरही आणली होती. ती एका बाटलीत घातली तर कोकमाचा रंगच उडाला. सासूबाई म्हणतात, "माझ्या बरणीत औषध पडलं तर मी त्या लोणच्याला हात लावणार नाही." त्यांचं लोणचं आयुष्यभर टिकलं, माझंही टिकतं. मग सरबतच का बिघडावं? त्यात पुण्याच्या एका दुकानदाराने मोठी ऑर्डर देऊ केली आहे, पण त्याला बाटलीवर 'शंभर टक्के नैसर्गिक, नो केमिकल' असं हवंय. "आत काय घालायचं ते घाला, लेबल तेवढं असं लावा," म्हणाला. इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचते की बेंझोएटने कॅन्सर होतो, मुलं चंचल होतात. मी लोकांना विष तर पाजणार नाही ना?

— एक लोणचेवाली

प्रिय लोणचेवाली,

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण मी पैज लावायला तयार आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं असेल, "सरबत छान आहे हो, पण फार गोड लागतं." मग आणखी दोघं तेच म्हणाले असतील. आणि तुम्ही साखर कमी केलीत.

सासूबाईंना विचारा, त्यांच्या वेळी कोकमाला साखर किती घालायचे. एक किलो सालींना दोन किलो साखर, थरावर थर, बरणीचं तोंड बांधून आठवडाभर उन्हात. साखर विरघळून जो दाट रस सुटतो तो अमृत कोकम. त्यात साखर इतकी असते की पाणी सगळं तिनेच धरून ठेवलेलं असतं, यीस्टच्या वाट्याला काही उरत नाही. आपल्या नियमांत फळांच्या सिरपला विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के लागतात आणि स्क्वॅशला ४०. हे आकडे चवीपुरते नाहीत. पासष्टच्या पुढे साखर स्वतःच राखण करते. चाळीस-पंचेचाळीसला आलात की ती राखण सुटते आणि उरतो फक्त कोकमाचा आंबटपणा. आंबटपणा बहुतेक जिवाणूंना लांब ठेवतो, पण यीस्टला त्याचं काही वाटत नाही. आंबट, गोड, पातळ आणि पावसाळ्यातलं उबदार घर, त्याला आणखी काय हवं? ते साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि झाकण घट्ट असेल तर बाटली ओट्यावर फुटते.

म्हणजे तुमचा हात बिघडला नाही आणि नशीबही. गिऱ्हाइकाचं ऐकून तुम्ही प्रिझर्व्हेटिव्ह काढून टाकलंत, आणि त्या प्रिझर्व्हेटिव्हचं नाव होतं साखर.

सासूबाईंना हे पटवायचं तर सरबतापासून सुरुवात करू नका, त्यांच्याच बरणीपासून करा. आपल्याकडच्या जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी परिरक्षकांचे, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हचे, दोन वर्ग पाडले होते आणि २०११च्या नियमांतही ते आले. पहिल्या वर्गात कोण आहे? मीठ, साखर, मसाले, व्हिनेगर, मध, खाद्यतेल. म्हणजे सासूबाईंचं अख्खं फडताळ. दुसऱ्या वर्गात बेंझोएट, सल्फाइट, सॉर्बेट वगैरे मंडळी. बाजारच्या बाटलीवर बारीक अक्षरात 'परमिटेड क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह' असं वाचलं असेल, तो क्लास टू हाच. पहिल्या वर्गातलं कितीही घाला, कायदा सहसा विचारत नाही. दुसऱ्यातलं मिलिग्रॅममध्ये मोजून घालावं लागतं.

त्यांच्या बरणीत काय चाललेलं असतं ते बघा. मीठ कैरीतलं पाणी ओढून घेतं. वरचा तेलाचा थर हवा अडवतो, म्हणून बुरशी धरत नाही. नियमांत तो थर निदान अर्धा सेंटिमीटर सांगितलाय, सासूबाई बोटभर घालत असतील. तेल काही मारत नाही बरं का, नुसतं झाकण घालतं. आणि मोहरी! आपण मोहरी 'फेसतो', ती का? कोरडी मोहरी दाताखाली नुसती कडवट लागते. वाटून पाण्यात फेसली की तिच्यातलं एक वितंचक (एन्झाइम) जागं होतं आणि नाकात जाणारा तो झणका तयार होतो. झाडाने किड्यांना पळवायला साठवून ठेवलेलं रसायन आहे ते, आणि जंतूंनाही ते जाचक ठरतं. नैसर्गिक म्हणजे सौम्य असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा फेसलेल्या मोहरीच्या भांड्यावर तोंड धरावं.

(मीठ हेही केमिकलच, पाणी हेही केमिकलच, असं म्हणून समोरच्याला गप्प करणारे शहाणे असतात. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण ते उत्तर नव्हे. तुमच्या सासूबाईंची शंका 'केमिकल' या शब्दाची नाहीये. पुड्यातून आलेल्या, हाताला ओळखीच्या नसलेल्या वस्तूची ती शंका आहे, आणि बाईमाणसाने अशी शंका घेतलीच पाहिजे.)

आता ओळखीच्या वस्तूचा हिशेब करू. मिठाच्या जोरावर टिकणाऱ्या लोणच्यात मीठ निदान १२ टक्के लागतं. वीस ग्रॅम लोणचं, म्हणजे दोन-तीन फोडी आणि थोडा खार, घेतला तर २.४ ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. रक्तदाब असलेला माणूस 'घरचं आहे, नो केमिकल' म्हणत दोन्ही वेळा ताटात लोणचं वाढून घेतो आणि बेंझोएटला घाबरतो, तेव्हा मला हसू येतं. लोणचं करू नका असं नाही. फक्त पहिल्या वर्गातली मंडळी साळसूद आणि दुसऱ्या वर्गातली खुनी, असा हा मामला नाही.

बरं, हे बेंझोएट आहे तरी काय? गुरुवारी दत्ताला ऊद घालता ना? त्या उदाच्या राळेत बेंझोइक आम्ल असतं, बेंझोएट हा त्याचाच क्षार. रसायनशास्त्राला हे आम्ल मुळात याच राळेतून मिळालं आणि नावही तिथूनच आलं. अरबी व्यापारी तिला 'लुबान जावी', जावा बेटाचा लोबान म्हणत, त्या शब्दाचं युरोपात बेंझोइन झालं. दालचिनीत, लवंगेत ते थोडं असतं, दह्यातही आपसूक थोडं तयार होतं. पुतण्याच्या पुड्यातलं मात्र कारखान्यातलं आहे, पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या टोल्युइनपासून बनवलेलं. ते उदातून काढलंय असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण रेणू तोच, आणि यकृत रेणू बघतं, जन्मगाव नाही. बेंझोइक आम्ल ते शरीरातल्याच ग्लायसिन या अमिनो आम्लाला जोडतं, त्याचं हिप्युरिक आम्ल करतं आणि एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर टाकतं.

किती चालतं? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ५ मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली आहे. तुमच्या सरबताला आपल्या नियमांप्रमाणे किलोला ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. एका ग्लासाला पन्नास ग्रॅम सरबत धरा. त्यात जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आलं. साठ किलोच्या माणसाची दिवसाची मर्यादा ३००, म्हणजे दहा ग्लास. पंधरा किलोच्या पोराची ७५, म्हणजे अडीच ग्लास. पोराचा आकडा छोटा आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच अडीच ग्लासांत कमी गोड सरबतातूनही पन्नासेक ग्रॅम साखर जाते, आणि एवढी साखर तर मोठ्या माणसालाही दिवसभरात पुरे झाली. बेंझोएटच्या आधी साखरच हद्द ओलांडते. लेबलवर 'लहान मुलांना दिवसाला एक ग्लास' असं छापलंत तर कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

कॅन्सरचं जे फिरतंय त्यात एक खरा धागा आहे, म्हणून ते उडवून लावत नाही. बेंझोएट आणि क जीवनसत्त्व एका बाटलीत असतील आणि ती बाटली उन्हात, उष्णतेत राहिली, तर अत्यल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकतं, आणि बेंझीन कॅन्सरकारक आहे. अमेरिकेत १९९०च्या सुमाराला हे लक्षात आलं. २००५-०६मध्ये पुन्हा तपासण्या झाल्या तेव्हा मोजक्या पेयांत ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि कंपन्यांनी पाककृती बदलल्या. यातून तुम्ही घ्यायचं ते इतकंच: आवळ्यात आणि लिंबात क जीवनसत्त्व भरपूर, तिथे बेंझोएट घालायचं नाही. तिथे केएमएस. पुतण्याचं 'सगळ्यात बेंझोएट' हे पहिलं चुकलं ते इथे.

मुलं चंचल होतात हा दावा २००७च्या एका ब्रिटिश अभ्यासावरून आला. तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण दिलं होतं, आणि चंचलतेत थोडी वाढ दिसली होती. दोन्ही एकत्र दिल्यामुळे रंगाचा दोष किती आणि बेंझोएटचा किती हे त्यातून सांगता येत नाही. युरोपने इशारा छापायला लावला तो रंगांवर. तुमच्या कोकमाला रंग विकत आणावा लागत नाही, ही त्यातली चांगली गोष्ट.

रंगावरून आठवलं. केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आंबट रसात पडलं की सल्फर डायऑक्साइड सोडतं, आणि तो वायू लाल-जांभळा रंग फिका करतो. कोकम, जांभूळ, करवंद यांच्या वाटेला ते जाऊ द्यायचं नाही. बाटलीचा रंग उडाला तो तुमच्या हातून काही चुकल्यामुळे नाही, पावडरीने तिचं काम चोख केलं. आवळा, लिंबू, आलं, कैरीचं पन्हं यांना मात्र ते चालतं, उलट त्यांना काळं पडू देत नाही. एक अट आहे. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने खरोखर त्रास होतो, म्हणून किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलवर सल्फाइटचा उल्लेख करावाच लागतो. तुमच्यात तो असणार.

मोजण्याबद्दल कान पिळून सांगते, कारण इथे मी स्वतः आपटलेय. लग्नानंतर नवं नवं शिकून लिंबाचं सरबत केलं आणि केएमएस 'अंदाजाने' चमच्याने घातलं. चमचाभर म्हणजे चांगले चार-पाच ग्रॅम, आणि सरबत होतं दोन किलो. झाकण उघडलं की नुकतीच ओढलेली काडेपेटीची काडी नाकाशी धरल्यासारखा वास. नणंदेने एक घोट घेतला आणि खोकत खोकत मोरीत गेली. तीस वर्षं झाली, अजून घरात मला 'काडेपेटी' म्हणतात. आपल्या बायकांच्या हाताला मिठाचा अंदाज असतो, तो या पावडरींना लावायचा नाही. एक ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. दहा किलो कोकम सरबताला ६ ग्रॅम सोडियम बेंझोएट, फूड ग्रेड, थोड्या गरम पाण्यात विरघळवून, सरबत कोमट असताना घालून नीट ढवळा. आवळ्याला दहा किलोला ५ ग्रॅम केएमएस, तेही सरबत पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर वाफेबरोबर वायू उडून जातो. दोन्ही मापं मर्यादेच्या आत बसतात. बाटल्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळून, उलट्या ठेवून कोरड्या केलेल्या हव्यात. घाणेरडी बाटली बेंझोएटने स्वच्छ होत नाही आणि आंबायला लागलेलं सरबत त्याने परत फिरत नाही.

पुतण्याची दुसरी चूक हळदीच्या लोणच्याची, आणि ती मला जास्त काळजीची वाटते. बेंझोएट फक्त आंबट पदार्थात काम करतं. ओली हळद, आलं, लसूण ही मुळात आंबट नाहीत. ती नुसती तेलात बुडवून ठेवली तर हवा नाही, आम्ल नाही, आणि मातीतून आलेले बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू नेमकी अशीच जागा शोधत असतात. वास येत नाही, फेस येत नाही, माणूस मात्र दवाखान्यात जातो. सामू, म्हणजे पीएच (जितका कमी तितकं जास्त आंबट), ४.६च्या खाली असला की ते वाढत नाहीत. म्हणून सासूबाई हळदीच्या लोणच्यात लिंबू पिळतात ते चवीपुरतं समजू नका आणि 'आंबट कमी' मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं इथे अजिबात ऐकू नका. फोडी बुडतील एवढा रस, भरपूर मीठ, आणि सामू बघायच्या कागदी पट्ट्या घरात ठेवा. कैरी आणि लिंबाच्या लोणच्यात मात्र तुम्हाला दुसऱ्या वर्गातलं काहीही घालायची गरज नाही. घालू नका. सासूबाईंची बरणी तशीच राहू दे.

आता तो दुकानदार. त्याला सरळ नाही म्हणा. बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक तुमचा असणार, त्याचा नाही. उद्या नमुना तपासला गेला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. शिवाय 'नैसर्गिक' हा शब्द २०१८च्या दाव्यांच्या नियमांनी जवळजवळ बांधूनच टाकलाय: एकच पदार्थ, त्यात बाहेरचं काही मिसळलेलं नाही, अशालाच तो लावता येतो. साखर-मसाला घातलेल्या सरबताला तो तसाही बसत नाही. खोटं लेबल लावायची वेळ येऊ नये म्हणून दोन माल करा. एक, जुन्या मापाचं दाट अमृत कोकम, दुप्पट साखरेचं, लहान बाटलीत. ते प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकतं, आणि 'वरून प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं नाही' हे वाक्य तुम्ही मान वर करून छापू शकता; लोणच्यावरही. जास्त पाण्यात मिसळून प्यायचं म्हणून सांगा, गोड लागणार नाही. दुसरा, कमी गोड सरबत, त्यावर स्वच्छ अक्षरात 'प्रिझर्व्हेटिव्ह (आयएनएस २११)', हा सोडियम बेंझोएटचाच क्रमांक. कोणतं घ्यायचं ते गिऱ्हाईक ठरवेल.

ही निवड नवी नाही. अमेरिकेत १९०२मध्ये हार्वे वायली नावाच्या सरकारी रसायनज्ञाने बारा तरुण स्वयंसेवकांना जेवणातून बोरॅक्ससारखी त्या काळची प्रिझर्व्हेटिव्ह खाऊ घालून परिणाम पाहायला सुरुवात केली. पुढे बेंझोएटचीही पाळी आली. वर्तमानपत्रांनी त्या पंगतीला 'विषपथक' म्हटलं. मग केचपमधलं बेंझोएट काढायची चळवळ झाली, आणि हाइन्झने ते काढलंही. कसं? पिकलेले टोमॅटो घेऊन, आणि व्हिनेगर आणि साखर वाढवून. आज टोमॅटो केचप इतकं गोड का, याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

आणि 'नो केमिकल' मागणारं हेच पुणेरी गिऱ्हाईक गूळ घेताना पिवळाधमक बघून घेतं. गुळाला तो रंग पुष्कळदा हायड्रोस नावाची रंग उजळवणारी पावडर घालून आणलेला असतो. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला साधा गूळ काळपट तांबूस दिसतो म्हणून मागे पडतो. दुकानदाराला हे ऐकवायचं की नाही ते तुम्ही बघा. मी ऐकवलं असतं, पण मला ऑर्डर मिळवायची नाहीये.

माप पक्कं करायला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात जाऊन या. कोकमावर त्यांनी पुष्कळ काम केलंय आणि फळप्रक्रियेचं प्रशिक्षणही ते देतात. पुतण्याला बरोबर न्या. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कसा वापरायचा ते त्याला तिथे हातात धरून कळेल आणि तुम्हाला ४५ आणि ६५मधला फरक डोळ्यांनी दिसेल.

एक राहिलं. चाळीसपैकी ज्या बाटल्या फुटल्या नाहीत त्या कुठेतरी माळ्यावर ठेवल्या असतील, बेंझोएट घालून वाचतील या आशेने. त्या वाचणार नाहीत. झाकणं उघडताना बाटलीभोवती जाड फडकं गुंडाळा, तोंड स्वतःपासून लांब धरा, अंगणातच उघडा, आणि सगळं माडाच्या मुळात ओतून द्या.